वाचलेली बाळे तिशीत आली

गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांमध्ये 1995-96 साली गावातल्याच काही बाया घरोघरी जाऊन नुकत्या जन्मलेल्या बाळांचे वजन करत होत्या आणि आकडा वहीत टिपून ठेवत होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यांना हे काम शिकवले होते. नोंद झालेल्या 763 बाळांपैकी सुमारे 42 टक्के बाळे अडीच किलोच्या आत भरली. बाळाला ऊब कशी द्यायची, जन्मताच श्वास अडला तर काय करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची आणि इंजेक्शन कधी टोचायचे, हेही या बाया शिकल्या. काही वर्षांतच तिथला नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास उतरला. ‘लॅन्सेट’ने 1999 साली हे काम छापले आणि 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी येऊन बाळ तपासू लागल्या.

ती बाळे आता तिशीत आहेत. कोणी धानाच्या बांधीत चिखल तुडवतो, कोणी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते, कोणी चंद्रपूरच्या कोळसा खाणीवर कंत्राटी कामाला लागला आहे. जगण्याची पहिली लढाई त्यांनी जिंकली. दुसरी लढाई चाळिशी-पन्नाशीत येणार आहे आणि तिच्याकडे सरकारचे, डॉक्टरांचे, वर्तमानपत्रांचेही पुरेसे लक्ष नाही. निरोगी म्हातारपण हा विषय शहरातल्या सुखवस्तू माणसांचा, असे धरून चालण्याची सवय पडली आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन अरण्यजिल्ह्यांत तो बाळांच्या जीवरक्षणाचाच पुढचा टप्पा आहे.

जन्माच्या वेळचे वजन पन्नाशीतल्या आजाराशी जोडले जाते ते कसे, हे पाहायला पुणे जिल्ह्यात जावे लागते. ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी चाळून 1989 साली दाखवले होते की कमी वजनाने जन्मलेल्या माणसांमध्ये पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुले यांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. या मुलांचे जन्माचे वजन सरासरी पावणेतीन किलोही नव्हते, ब्रिटिश बाळांपेक्षा ते कितीतरी कमी. पण कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. चरबी मात्र जवळपास शाबूत होती. दिसायला किडकिडीत बाळ, आतून चरबीचा साठा धरून बसलेले.

याच याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची-वजनाच्या हिशेबात दोघेही सारखे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काट्यावर भारतीय माणूस बारीक दिसतो म्हणून त्याचा चयापचय ठीक आहे असे मानता येत नाही, हे त्या एका चित्राने जगभरच्या डॉक्टरांना पटवले.

कारण साधे आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वात जास्त खर्च होते ती स्नायूंमध्ये. ज्याच्या अंगात जन्मापासून स्नायू कमी, त्याच्या रक्तात साखर जास्त वेळ रेंगाळते आणि इन्सुलिनवर ताण येतो. पोटात असताना पोषण कमी पडले तर मूत्रपिंडातल्या गाळण्याही कमी तयार होतात आणि पुढे रक्तदाब चढायला ते एक कारण होते. असा माणूस दिवसभर राबत असेल, साधे आणि बेताचे खात असेल, तर शरीर सांभाळून घेते. राबणे थांबले आणि ताटातला चोथा गेला की तेच शरीर लवकर थकते.

हे गडचिरोलीत घडायला लागले आहे. ‘सर्च’च्या 86 गावांत 2011 ते 2013 या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली गेली आणि 2015 साली ती प्रसिद्ध झाली. सर्वात वरचे कारण होते लकवा. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा होता आणि त्यातली बहुतेक माणसे घरीच गेली. मलेरिया आणि कुपोषण यांच्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात रक्तवाहिनी फुटून किंवा तुंबून माणसे मरत होती. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने 2018 साली केंद्राला दिलेल्या अहवालात म्हटले आहे की दर चार आदिवासी प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब आहे. त्याच अहवालात आदिवासींचे सरासरी आयुर्मान 63.9 वर्षे धरले आहे, तेव्हा देशाचे होते 67. जंगलात राहणारी माणसे शंभर वर्षे जगतात, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. आकडे तसे सांगत नाहीत.

तरीही जंगलाच्या ताटात काही मोलाचे आहे हे खरे, आणि ते नेमके काय हे समजून घेतले पाहिजे.

पावसाळ्यात एटापल्ली, धानोरा किंवा सिंदेवाहीच्या बाजारात चक्कर मारली की रस्त्याच्या कडेला पानांवर मांडलेले छोटे-छोटे वाटे दिसतात. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, सोलून बारीक चिरलेले. मातीचा वास असलेल्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, त्यांचा मोसम थोडा आणि भाव चढा. तरोट्याची कोवळी पाने, धोप्याची पाने, अंबाडी, कुड्याची फुले. बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, बोटभर मासळी. घरात जवसाची चटणी असते, माडिया घरात लाल मुंग्यांची आंबट चटणी. कुटकी हे भरडधान्य आता पूर्वीइतके पेरले जात नाही, पण भामरागडकडे पेज अजून शिजते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायांचे झाडांविषयीचे ज्ञान ‘गोईण’ या पुस्तकात गोळा केले आहे. कोणत्या झाडाचे काय खावे, कशावर उतारा म्हणून काय द्यावे, हे त्या बायांना तोंडपाठ असते.

या ताटाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आतड्यातून जातो. पालेभाज्या, कोंडा न काढलेले धान्य, कंद आणि शेंगा यांतला चोथा माणसाला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तो पचतो. ते त्यापासून जी आम्ले तयार करतात त्यांनी आतड्याचे अस्तर धड राहते आणि शरीरातल्या संरक्षक पेशी विनाकारण भडकत नाहीत. जवसातले ओमेगा-3 स्निग्ध आम्लही याच कामाला हातभार लावते. वय वाढते तशी प्रतिकारशक्ती दोन बाजूंनी बिघडते: नव्या जंतूला तोंड देण्याची ताकद कमी होते आणि जंतू नसतानाही शरीरात मंद दाह चालू राहतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी 2000 साली या मंद दाहाला म्हातारपणाचे एक मूळ म्हटले. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे कडक होणे आणि काही प्रकारचे विस्मरण यांच्या मागे तो सापडतो.

गडचिरोलीशी जवळचे साम्य दाखवणारा एक अभ्यास बोलिव्हियातला आहे. अमेझॉनच्या जंगलातले त्सिमाने लोक शेती, शिकार आणि मासेमारी यांवर जगतात. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या हृदयाचा अभ्यास आला. तपासलेल्या 705 प्रौढांपैकी 85 टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा साठा अजिबात नव्हता. त्यांच्या आहारात 72 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, म्हणजे भात, केळी, कसावा, मका. भात खाऊनही त्यांच्या धमन्या स्वच्छ राहतात, कारण तो चोथ्यासह खाल्ला जातो आणि पुरुष दिवसाचे सहा-सात तास, बाया चार-सहा तास अंगमेहनत करतात. 2025 साली ‘नेचर एजिंग’मध्ये आलेल्या तुलनेत असे दिसले की इटली आणि सिंगापूरच्या माणसांमध्ये वयाबरोबर वाढणारा मंद दाह त्सिमाने आणि मलेशियातल्या ओरांग अस्ली लोकांमध्ये तसा वाढत नाही. दाह त्यांच्याकडे आहे, पण तो जंत आणि जंतूंमुळे असतो. वय झाले म्हणून तो चढत जात नाही.

त्सिमाने लोकांचे सरासरी आयुर्मान मात्र कमी आहे. संसर्ग आणि बाळमृत्यू त्यांना अकाली नेतात. म्हणून जंगलातल्या जगण्याची नुसती आरती ओवाळून भागत नाही. महाराष्ट्रात मलेरिया सर्वात जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी गडचिरोली एक आहे. मलेरिया गर्भारपणात झाला की आईचे रक्त कमी होते आणि बाळ हलके जन्मते, म्हणजे साखळी पुन्हा तिथूनच सुरू. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टाही हाच. सिकलसेलचे एकच जनुक अंगात असले तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, दोन आले तर आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. या भूमीने माणसांच्या रक्तावरच आपला शिक्का मारलेला आहे.

ताट आणि प्रतिकारशक्ती यांच्या संबंधाचा थेट पुरावा हवा असेल तर तो झारखंडमध्ये आहे. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तिथल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. 2023 साली निकाल आला. ज्या घरांत हे धान्य गेले तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते, फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे 48 टक्क्यांनी. लस नाही, महाग औषध नाही, डाळ-तांदूळ. त्यात डाळ होती हे विसरू नये.

शहरात सध्या उलटे वारे आहे. सोळा तास उपाशी राहा, पेशी स्वतःची साफसफाई करतात, आयुष्य वाढते, असे सल्ले फोनवर रोज येतात. पेशींच्या या साफसफाईची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले, ते विज्ञान पक्के आहे. कमी खाल्लेले उंदीर जास्त जगतात हे तर 1935 पासून माहीत आहे. अमेरिकेत धडधाकट प्रौढांनी दोन वर्षे सरासरी 12 टक्के कमी उष्मांक घेतले, तेव्हा त्यांच्या रक्तदाबात आणि कोलेस्टेरॉलमध्ये सुधारणा झाली आणि म्हातारे होण्याचा वेग किंचित मंदावल्याचे दिसले. पण हा सल्ला पोटभर खाणाऱ्यांसाठी आहे. धानाच्या रोवणीत कंबर मोडेपर्यंत वाकणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला तो देणे हा गुन्हा ठरेल. तिला रोज मूठभर डाळ, एक अंडे आणि पालेभाजी जास्त लागते. साठीनंतर तर प्रथिने कमी पडली की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो आणि खाटेला खिळतो.

दोन्ही जिल्ह्यांत ताट बदलले ते भातातून. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे बारीक धानाचे वाण शोधले, त्याने हजारो शेतकऱ्यांच्या हातात चार पैसे आले आणि चंद्रपूरचा तांदूळ देशभर गेला. दादाजींचे ऋण मोठे आहे. खोट आहे ती गिरणीतल्या पॉलिशमध्ये. उखळात कांडलेल्या तांदळावर तांबूस थर राहायचा. ब जीवनसत्त्वे, मॅग्नेशियम, चोथा सगळे त्याच थरात. गिरणीतून आणि रेशनवरून येणारा तांदूळ पांढराशुभ्र असतो. रेशनने उपासमार हटवली, हे मान्यच केले पाहिजे. पण रेशनच्या पोत्याबरोबर डाळ आणि तेल नियमाने येत नाहीत, आणि गावातल्या दुकानात दहा रुपयांना जे मिळते ते असते चिप्सचे पाकीट.

आणि खर्रा. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून पोरगा तो फळीवर घासून घोटतो, गिऱ्हाईक गाडीवरून न उतरता घेऊन जाते. शाळकरी मुलाच्या खिशात आणि म्हाताऱ्या बाईच्या कमरेलाही तीच पन्नी. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू खातो असे निघाले. या पट्ट्यात डोळ्यांना दिसते ते प्रमाण याहून जास्त आहे. तंबाखू रक्तदाब चढवते, रक्तवाहिन्यांचे अस्तर खरवडते, तोंडाचा कर्करोग आणते. भूक मारते म्हणून ती मजुराला हवीशी वाटते, आणि त्याच कारणाने गर्भवतीला ती सर्वात घातक. 2016 पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखू नियंत्रणाचे काम चालू आहे, गावोगावच्या बायांनी त्यात जीव ओतला आहे. त्यांच्यामागे प्रशासनाचे बळ सतत उभे राहायला हवे, मोहिमेपुरते नव्हे.

दुसरा शत्रू मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, भारतीय माणूस त्याहून बरेच जास्त खातो. अमेझॉनचे यानोमामी लोक जवळपास मीठ खात नाहीत आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, हे 1988 साली ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासाने दाखवले. म्हणजे म्हातारपणी रक्तदाब वाढायचाच, ही समजूत चुकीची आहे. लोणचे, पापड आणि पाकिटातला खाऊ आवरला तरी कितीतरी लकवे टळतील.

चंद्रपूरचे दुखणे आणखी वेगळे. 2920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि एप्रिल-मेचा रणरणता उन्हाळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. हवेतले सूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात जातात आणि वर सांगितलेला मंद दाह वाढवतात. घुग्घुस किंवा दुर्गापूरच्या माणसाने पालेभाजी कितीही खाल्ली तरी श्वास बदलता येत नाही. तिथे निरोगी म्हातारपणाचा पहिला इलाज स्वयंपाकघरात नाही, चिमणीवर आणि कोळशाच्या उघड्या ट्रकवर आहे.

जंगलातले अन्न ताटात राहायचे तर जंगल लोकांच्या हाती राहिले पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, देशात अगदी पहिल्यांदा, आणि ग्रामसभा जंगल नीट राखू शकते हे गावाने दाखवून दिले. पण चंद्रपुरात मोह वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात मरतात, दर उन्हाळ्यात बातम्या येतात. जी बाई जिवाच्या भीतीने जंगलात जाणे सोडते तिच्या घरातून सात्या आणि वास्तेही जातात. वाघ वाचवायचा आणि वेचणारीलाही वाचवायचे, यासाठी सोबतीने जाण्याची व्यवस्था, वाघाच्या हालचालीची वेळेवर सूचना आणि तातडीची भरपाई एवढे तरी वनविभागाने बिनचूक करावे.

बाकीची कामे अवघड नाहीत. शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत केंद्राच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचे काम सुरुवातीच्या टप्प्यातच सुरू झाले होते: रक्तदाब मोजायचा, ठरावीक स्वस्त गोळी द्यायची आणि जो आला नाही त्याला शोधून आणायचे. हे भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवतीच्या प्रत्येक पाड्यावर व्हायला हवे. ज्या आशाताई बाळाचे वजन करतात त्यांच्याच पिशवीत रक्तदाबाचे यंत्र द्यावे आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. आठवडी बाजाराच्या दिवशी तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासला जावा. गोळी महिन्याला मिळते आहे की संपली आहे, हे जिल्हाधिकाऱ्यांनी तांदळाच्या साठ्याइतक्याच काटेकोरपणे पाहावे.

2015 पासून आदिवासी भागात चालू असलेली अमृत आहार योजना गर्भवती आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण ताट देते. त्या बाळांच्या चाळिशी-पन्नाशीतला मधुमेह टाळण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. त्या ताटात कुटकी, जवसाची चटणी, तरोटा, तलावातली मासळी ग्रामसभेकडून आणि बचत गटांकडून विकत घेऊन घालावी, म्हणजे पोषण आणि पैसा दोन्ही गावात राहतील. आश्रमशाळांच्या जेवणातही हेच हवे. जवस आणि कुटकीला धानासारखा हमखास खरेदीदार मिळाला तर शेतकरी ती पुन्हा पेरेल. रेशनवर तांदळासोबत डाळ आणि तेल दर महिन्याला द्यावे, कारण झारखंडचा पुरावा आता सगळ्यांसमोर आहे.

या दोन जिल्ह्यांतल्या वाचकांना आणि नागपूर, पुणे, मुंबईत राहून गावाकडे पैसे पाठवणाऱ्या त्यांच्या मुलांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आई-बाबांचा आणि तिशी ओलांडलेल्या भावा-बहिणींचा रक्तदाब जवळच्या उपकेंद्रात मोजून घ्या. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे दोन-तीन वेळा निघाला तर डॉक्टरांकडून गोळी सुरू करा आणि बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू देऊ नका. उपकेंद्रात यंत्र किंवा गोळी नसेल तर ग्रामसभेत तो विषय लेखी मांडा; तीस वर्षांपूर्वी एकेक बाळ वाचले ते गावातल्याच माणसांनी वही हातात घेतली म्हणून.